लाखांच्या घड्याळाची बोहनी

घड्याळाचं काम वेळ दाखवणं, असं मी आयुष्यभर धरून चालले होते. मग माझा मुलगा मुंबईच्या एका मोठ्या घड्याळांच्या शोरूममध्ये नोकरीला लागला, आणि गणपतीला घरी आला तेव्हा जेवता जेवता म्हणाला, "आई, वेळ काय, मोबाइलवर फुकट मिळते. आम्ही वेळ विकत नाही."

"मग काय विकता?"

"वारसा."

मी त्याच्या पानात आमटी वाढत होते. म्हटलं, "कोणाचा?"

तो म्हणाला, "आमटी पुरे."

डहाणूला स्टेशनजवळ आमचं घड्याळांचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलेलं. माझे मिस्टर रेल्वेत, तिकीट खिडकीवर. त्यांच्या ड्युटीचा कधी ताळमेळ नव्हता, म्हणून लग्नानंतर सासऱ्यांच्या हाताखाली मी गल्ल्यावर बसायला लागले, ती पुढे कायमचीच बसले. आमच्याकडे मनगटी घड्याळं, गजराची घड्याळं, पट्टे, सेल, आणि सगळ्यात जास्त खप भिंतीवरच्या घड्याळांचा. या भागात लग्न असो, वास्तुशांत असो, गुरुजींचा निरोपसमारंभ असो, भिंतीवरचं घड्याळ द्यायचं आणि त्यावर 'सप्रेम भेट' लिहून घ्यायचं, ही पद्धत. तलासरीकडच्या शाळांमधून एकेक गुरुजी निवृत्त होताना इतकी घड्याळं घरी नेतात की पुढे त्यांना वेळ घालवायला दुसरं काही लागू नये. मला त्याबद्दल तक्रार नाही. त्या घड्याळांवरच मुलगा शिकला.

आणि शिकला तो मुंबईला गेला. सगळ्यांचे जातात तसा. मला तो घरी हवा होता. हे मी इथेच स्पष्ट सांगते, कारण पुढे मी जे काही सहन केलं ते एवढ्या एकाच गोष्टीसाठी. घर आहे, दुकान आहे, समुद्र आहे, दोन वेळचं ताजं जेवण आहे, आणि हा कांदिवलीला तिघांबरोबर एका खोलीत राहून दुसऱ्यांना वारसा विकतोय, हे मला पटत नव्हतं. पण तो म्हणायचा, "आई, मी तिथे येऊन सेल बदलत बसू का?" मी तर बसलेच होते ना सेल बदलत.

मग एक दिवस तोच म्हणाला की येतो.

त्याच्या कंपनीची म्हणे छोट्या शहरांवर नजर होती. कंपनी परदेशी, घड्याळं चावीची. म्हणजे सेल नाही, आत चाकं आणि स्प्रिंग, हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरली जाणारी. आमच्या सासऱ्यांच्या काळात सगळीच घड्याळं चावीची होती आणि लोक त्यांना कंटाळून सेलच्या घड्याळांकडे वळले होते, हे त्या कंपनीला कोणी सांगितलं नसावं. मुलाने साहेबांना पटवलं की डहाणूत चिकूचे बागायतदार आहेत, उंबरगाव आणि वापीला कारखाने असलेली माणसं तलासरीकडे राहतात, रस्त्याला जमिनी गेल्या त्यांच्याकडे पैसा आलाय, आणि या पैशाला खर्च व्हायला जागा नाही. साहेबांना पटलं. आमच्याच दुकानात त्यांचं काउंटर लागणार होतं आणि ते मुलगा बघणार होता. मी देवापुढे साखर ठेवली.

मग अटी आल्या.

भिंतीवरची सगळी घड्याळं काढायची. का, तर लाखांचं घड्याळ बघायला आलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर अडीचशेचं घड्याळ दिसता कामा नये. सेल बदलायचं टेबल मागच्या खोलीत न्यायचं. उदबत्ती लावायची नाही, कारण कंपनीचा स्वतःचा वास आहे. तो एका बाटलीत यायचा आणि मला ओल्या लाकडासारखा वाटायचा. दुकानाला दुकान म्हणायचं नाही, बुटीक म्हणायचं. गिऱ्हाइकाला गेस्ट म्हणायचं. आणि 'किंमत' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, 'व्हॅल्यू' म्हणायचं.

"आणि गिऱ्हाइकाने विचारलं, केवढ्याला, तर?"

"गेस्टने."

"बरं बाबा, गेस्टने."

"तर आधी पाणी विचारायचं, मग घड्याळ त्यांच्या हातात द्यायचं, मग त्याची गोष्ट सांगायची. आकडा सगळ्यात शेवटी."

म्हणजे माणूस आधी गोष्टीत गुंतवायचा आणि मग त्याला कापायचा. हे तर आमच्याकडे साड्यांचे दुकानदार वर्षानुवर्षं करतात, त्यासाठी परदेशातून माणसं कशाला यायला हवीत? पण मुलगा वरच्या खोलीत झोपत होता, सकाळी माझ्या हातचा चहा पीत होता. भिंतीवरची घड्याळं सगळी आमच्या घरी आली. हॉलमध्ये, जिन्यात, माळ्यावर, पलंगाखाली. मिस्टर तोवर निवृत्त झाले होते. त्यांना म्हणे अशा घरात राहताना पुन्हा स्टेशनवर असल्यासारखं वाटायचं.

त्या कंपनीच्या घड्याळांचा कारभार मी जवळून बघितला आणि माझं डोकं फिरायची पाळी आली. सगळ्यात स्वस्त घड्याळ दीड लाखाचं. त्याला ते 'सुरुवातीचं' म्हणायचे. आणि ते दिवसाला काही सेकंद मागेपुढे जायचं! मी मुलाला म्हटलं, आपल्या साडेपाचशेच्या घड्याळाचा महिनाभरात इतका फरक पडत नाही. तर तो मला हळूच म्हणाला, "गेस्टसमोर बोलू नकोस." घड्याळ दोन दिवस हातात घातलं नाही की बंद. म्हणून ते काचेच्या कपाटात एका यंत्रात ठेवायचं, आणि ते यंत्र विजेवर घड्याळाला गोल गोल फिरवत बसायचं. म्हणजे ज्या घड्याळाला सेल लागत नाही म्हणून एवढं कौतुक, त्याच्यासाठी दिवसरात्र वीज जाळायची. आणि डहाणूची वीज ती, कधी जाईल सांगता येत नाही. ती गेली की सगळा वारसा थांबायचा.

काही वर्षांनी ते घड्याळ उघडून साफ करायला कंपनीकडे पाठवावं लागतं. त्याचे जे पैसे मुलाने सांगितले त्यात आमच्याकडून आख्ख्या वरातीला घड्याळं गेली असती.

पण खरा संताप किमतीचा. पहिले चार-सहा महिने त्यातलं एक निळ्या तबकडीचं घड्याळ काही केल्या जाईना. लोक येत, हातात घालून बघत, आरशात हात फिरवत आणि ठेवून जात. मी म्हटलं, बाबा, थोडं कमी कर, माल अडकलाय. आमच्या धंद्यात अडकलेला माल कमी करून काढतात, एवढं तर कोणालाही कळतं. तर कंपनीचे साहेब मुंबईहून आले. कोट घालून आले, डहाणूच्या मे महिन्यात. घामाने चिंब, पण कोट काढला नाही. मला म्हणाले, "आंटीजी, सस्ता किया तो कोई नहीं लेगा. महंगा करेंगे."

आणि केलंच. नवा भाव आला, आधीच्यापेक्षा बराच वर. मी म्हटलं, झालं, आता हे घड्याळ माझ्या नातवाला मिळणार. दुसऱ्याच आठवड्यात बोर्डीकडचा एक बागायतदार येऊन ते घेऊन गेला. तोच माणूस, ज्याने आधी दोनदा बघून ठेवलं होतं! जाताना म्हणाला, "अजून वाढायच्या आत घेतो." मी गल्ल्यावर बसले होते, माझ्या हातातला पेन तसाच राहिला. आपण माणसांना ओळखतो, असा माझा समज होता. तो त्या दिवशी गेला.

त्याहून कहर म्हणजे वेटिंग. कपाटात मधोमध एक काळं घड्याळ ठेवलेलं असायचं. ते कोणी मागितलं की मुलगा तोंड पाडून म्हणायचा, "सर, हे अव्हेलेबल नाही. वेटिंग आहे."

"पण हे समोर आहे ना?"

"हा दाखवायचा पीस आहे, सर."

दुकानात माल, दारात गिऱ्हाईक, खिशात पैसे, आणि माझा मुलगा सांगतोय मिळणार नाही! सासऱ्यांनी हे ऐकलं असतं तर त्यांनी त्याला तिथेच काउंटरवरून खाली उतरवलं असतं. आणि त्या गिऱ्हाइकाने काय करावं? रागावून जावं की नाही? तर तो आणखी नरम झाला. पुढच्या वेळी चिकूची पेटी घेऊन आला. त्याच्या पुढच्या वेळी बायकोसाठी एक आणि भावासाठी एक अशी दोन दुसरी घड्याळं घेतली, का, तर आपलं नाव यादीत वर सरकावं म्हणून. मुलगा रात्री जेवताना हसत होता. "आई, जी गोष्ट मिळत नाही तीच माणसाला हवी असते." मी म्हटलं, "म्हणून तर तुला मागायला कोणी आलं नाही अजून." मिस्टरांना ठसका लागला.

चिडत होते, पण दिवस चांगले चालले होते, हेही खरं. संध्याकाळी दुकान बंद करून आम्ही दोघं चालत घरी यायचो. वाटेत तो मला घड्याळांच्या गोष्टी सांगायचा, मी त्याला गिऱ्हाइकांच्या. कधी वाळूत जाऊन शेव-कुरमुरे खायचो. मुलगा मोठा झाल्यापासून त्याच्याशी इतकं बोलणं कधी झालंच नव्हतं. काउंटर गेलं तर तो दुसऱ्या दिवशी बॅग भरेल, हे मला माहीत होतं. म्हणून मी त्या ओल्या लाकडाच्या वासात तोंड मिटून बसायचे.

मग ती बोहनी झाली.

मुलगा ट्रेनिंगसाठी मुंबईला गेला होता. सकाळी दुकान मी उघडलं. झाडलं, उंबऱ्यावर पाणी शिंपडलं. तो नव्हता म्हणून एक उदबत्तीही लावली, आता सांगायला हरकत नाही. अजून गल्ल्याला नमस्कार करते तोच एक जोडपं आत आलं. तलासरीकडच्या वेवजीचं. माणूस साठीचा, पांढरा सदरा, पायात सँडल, बायकोच्या डोक्यावर पदर. त्यांच्या बोलण्यात मराठी आणि गुजराती एकमेकांत मिसळलेली, त्या बाजूला बोलतात तशी. रस्त्यात जमीन गेलेली, मुलाने उंबरगावला प्लॅस्टिकच्या डब्या बनवायचं काम काढलं, ते चाललं, आता धाकट्या जावयाला पहिल्या दिवाळीला घड्याळ द्यायचं होतं. जावई वापीला नोकरीला, त्याच्या ऑफिसात सगळ्यांच्या हातात असलं काहीतरी.

पाणी विचारलं. घड्याळ हातात दिलं. गोष्टही सांगितली, मला आता ती पाठ झाली होती. सगळ्यात शेवटी आकडा सांगितला. त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग बाई म्हणाल्या, "लई झाले." आणि ते म्हणाले, "बेन, काहीतरी ओछं करा ने."

मी म्हटलं, "भाऊ, हे फिक्स असतं. कंपनीचं असतं. एक रुपया कमी होत नाही."

"साव एकच भाव? थोडं पण नाय?"

"नाही हो."

त्यांनी घड्याळ हळूच ट्रेमध्ये ठेवलं. रागावले नाहीत. बाईंनी पदर सावरला आणि दोघं उठले.

आता ज्याने कधी दुकान चालवलं नाही त्याला हे कळणार नाही. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत. त्याने काहीही मागो, दोन रुपये का होईना कमी करायचे, पण सौदा करायचा आणि ते पैसे डोळ्याला लावून गल्ल्यात टाकायचे. तीच दिवसाची बोहनी. ती फिरली की दिवस फिरला. सासरे तर म्हणायचे, बोहनीला तोटा खावा पण माणूस पाठवू नये. इतकी वर्षं मी ते पाळत आले. मी गल्ल्यावर बसल्यापासून एकही बोहनी माझ्या दुकानातून उठून गेलेली नव्हती. आणि ही उठली होती, उंबऱ्यापर्यंत गेली होती.

मी म्हटलं, "भाऊ, थांबा."

कॉम्प्युटरमध्ये कमी करायची सोयच नव्हती. मी दोनदा करून बघितलं, ते लाल व्हायचं. मग मी बिल पूर्ण आकड्याचं केलं, त्यांनी कार्डाने पैसे भरले, आणि मी माझ्या गल्ल्यातून पाचशे एक रुपये काढून त्यांच्या हातावर ठेवले. "हे बोहनीचे. माझ्याकडून."

मी सांगते, त्या माणसाला लाखांच्या घड्याळाचा जेवढा आनंद झाला नाही तेवढा त्या पाचशे एक रुपयांचा झाला. नोट त्यांनी कपाळाला लावली. बायकोला म्हणाले, "जो, बघ, डहाणूवाले माणूस ओळखतात." बाईंनी मला वाकून नमस्कार केला. मला इतकं बरं वाटलं की मी दिवसभर गुणगुणत होते.

पुढे काय झालं ते मला नंतर कळलं. दिवाळी झाल्यावर त्यांच्या व्याह्यांना तसंच घड्याळ हवंसं झालं. ते सगळे मिळून वापीच्या मोठ्या दुकानात गेले, जवळ पडतं म्हणून. तिथे भाव ऐकून आमचे वेवजीचे गृहस्थ ताठ मानेने म्हणाले, "डहाणूमां ओछं करे छे." तिथला सेल्समन म्हणाला, शक्यच नाही. झालं, ते पेटले. त्यांनी माझ्या दुकानाचं नाव सांगितलं, माझं वर्णन सांगितलं, पाचशे एक सांगितले. फुशारकी होती हो, तीही माझ्या कौतुकाची. वापीच्या दुकानदाराने त्याच दिवशी कंपनीला कळवलं.

साहेब आले. यावेळी थंडी होती, कोट शोभत होता. मुलगा त्यांच्यासमोर खाली मान घालून उभा, लहानपणी शाळेत बाईंच्या पुढे उभा राहायचा तसा. साहेब माझ्याशी फार गोड बोलले. मला वाटतं तेच जास्त लागलं.

"आंटीजी, पाँच सौ का सवाल नहीं है."

"मग सोडा की."

"सवाल ये है कि एक बार कम हुआ, तो सबको पता चलता है कि कम हो सकता है."

मी म्हटलं, "अहो, मी तुमचा एक पैसा कमी केलेला नाही. तुमचा आकडा तुम्हाला पूर्ण मिळाला. मी माझ्या गल्ल्यातून दिले. माझे पैसे मी कोणाला द्यायचे ते तुम्ही ठरवणार?"

त्यावर ते हसले आणि मुलाकडे वळले. इंग्रजीत बोलले, पण तेवढं इंग्रजी मला येतं. काउंटर राहील. पण आंटीजी बुटीकमध्ये बसणार नाहीत. फ्लोअरवर एकच माणूस, ट्रेन केलेला.

दुकान कोणाचं? सासऱ्यांचं. चालवलं कोणी? मी. आणि मी बसायचं नाही! माझ्या तोंडाशी असं काही आलं होतं की साहेबांनी कोट तिथेच टाकून स्टेशन गाठलं असतं. मी मुलाकडे बघितलं. मला वाटलं, हा आता बोलेल. त्याने कपाटातल्या फिरणाऱ्या घड्याळांकडे बघितलं.

मग म्हणाला, "ठीक आहे, सर. उद्यापासून ती येणार नाही."

'ती' म्हणाला. आई पण नाही म्हणाला.

मी पर्स उचलली आणि घरी आले. त्या दिवशी मी जेवले नाही, आणि कोणी फार आग्रहही केला नाही. मिस्टर एवढंच म्हणाले, "मुलगा घरी हवा होता ना? आहे घरी." ते चिडवायला म्हणाले नव्हते, पण मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

घरी बसणं मला येत नाही. सकाळी अंघोळ करून तयार व्हायचे आणि मग आठवायचं की जायचं कुठेच नाही. सगळ्यात आधी धाकट्या डहाणूची एक बाई मासळी विकून परत जाताना आली, मंगळवारी कायम आमच्याकडे घड्याळ दाखवायला यायची ती. म्हणाली, "बाय, दुकानात गेलते, तुजा पोर बोलला सेल नाय भेटत इथं. मी बोलले, म्हातारी कुठे गेली?" म्हातारी पडवीत बसली होती. तिचं घड्याळ उघडलं, सेल घातला. मग दुसरी आली. गुरुजी लोक सप्रेम भेटीची घड्याळं घरीच येऊन नेऊ लागले, सगळा माल घरीच तर पडला होता. पडवीत हळूहळू धंदा सुरू झाला. पण माझं मन रमलं नाही. मुलगा दुपारी जेवायला यायचा तेव्हा पडवीतल्या गिऱ्हाइकांच्या चपला ओलांडून आत जायचा, आणि आम्ही दोघं मिठाशिवाय काही मागायचो नाही. संध्याकाळचं चालणं बंद झालं. शेव-कुरमुरे बंद झाले.

आणि मग, पुरतं वर्षही झालं नसेल, कंपनीने पुन्हा भाव वाढवले. एकदम. दीड लाखाचं 'सुरुवातीचं' घड्याळच बंद केलं. का, तर ते घेणारी माणसं फार झाली होती! साहेबांच्या मते फार लोकांच्या हातात दिसलं की वरच्या लोकांना ते नको होतं. आता कंपनी आणखी वर जाणार होती. कमी घड्याळं, जास्त भाव, आणि फक्त मोठ्या शहरात स्वतःची बुटीकं. छोट्या गावातली सगळी काउंटरं काढून टाकायची. बोहनीचा काही संबंध नाही. ज्या वापीवाल्याने माझी चुगली केली त्याचंही काउंटर गेलं. म्हणजे मी बसले असते तरी गेलंच असतं. मला घरी बसवून त्यांना काय मिळालं, हे मी आजही विचारते.

कपाट न्यायला टेंपो आला, त्या दिवशी मुलगा घरी येऊन पडवीत माझ्याजवळ बसला. मी एका गजराच्या घड्याळाचा काटा सरळ करत होते.

"मुंबईच्या बुटीकला बोलावलंय मला," तो म्हणाला. "मॅनेजर म्हणून. तू आता दुकान परत सांभाळ. तुझं दुकान तुला मिळालं."

माझ्या हातातला स्क्रू कुठे उडाला तो मला नंतर सापडलाही नाही.

"मला दुकान नको होतं रे!" मी इतक्या जोरात ओरडले की मिस्टर आतून बाहेर आले. "दुकान माझं होतंच. मला तू हवा होतास. त्यासाठी मी तो घाणेरडा वास घेत बसले, त्या कोटवाल्याचं ऐकून घेतलं, घरी बसले. तू इथे राहावंस म्हणून."

तो म्हणाला, "मी तेव्हा साहेबांना हो कशाला म्हटलं, आई? काउंटर राहिलं तर इथे राहता येईल म्हणून. नाही म्हटलं असतं तर मला दुसऱ्या दिवशी जावं लागलं असतं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू बोलतच नव्हतीस माझ्याशी."

ते खरं होतं. तोही बोलत नव्हता. एका घरात राहून, एकमेकांसाठीच करून, एकमेकांवर रुसून बसलो होतो. एवढे शहाणे आम्ही! मिस्टर आत गेले आणि त्यांनी चहा टाकला.

मी त्याला थांब म्हणू शकले असते. मनात आलं होतं. पण पडवीकडे बघितलं, त्या सेलच्या डब्याकडे बघितलं, आणि तो इथे बसून हेच करणार हे मला दिसेना. तो घड्याळाच्या तबकडीबद्दल बोलायला लागला की त्याचा चेहरा कसा होतो ते मी दुकानात रोज बघितलं होतं. त्या वस्तू मला फसव्या वाटतात, पण त्याचं त्यांच्यावर प्रेम आहे. मी म्हटलं, जा.

तो गेला. मी पुन्हा गल्ल्यावर बसते. भिंतीवरची घड्याळं भिंतीवर गेली. पहिली उदबत्ती लावली तेव्हा शेजारचा फार्मसीवाला म्हणाला, आता दुकान दुकानासारखं वाटतं. धंदा बरा आहे.

मुलगा महिन्यातून एखाद्या रविवारी येतो, कधी तोही रविवार हुकतो. आणि काय सांगू, जो मुलगा दोन वर्षं माझ्या घरात राहत होता, ज्याला मी रोज 'ताट उचल, टॉवेल वाळत घाल' म्हणून ओरडत होते, त्याच्यासाठी मी आता शुक्रवारपासून तयारी करते. चादर बदलते, पंखा पुसते. धाकट्या डहाणूच्या त्याच बाईकडून पापलेट घेते, सगळ्यात मोठं. मागच्या वेळी ती म्हणाली, "बाय, आज भाव नाय केला?" मी आयुष्यात मासळीचा भाव न करता पैसे दिलेले नाहीत. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"पोरगा येतोय," मी म्हटलं.

"मग बरोबर हाय."

त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. रविवारी बुटीकमध्ये कोणी मोठा गेस्ट येणार होता, त्याला सुटता येणार नव्हतं. पुढच्या महिन्यात नक्की. मी म्हटलं, "काही हरकत नाही बाळा, काम महत्त्वाचं." फोन ठेवला आणि जे काही तोंडाला आलं ते त्या कंपनीला, तिच्या साहेबाला आणि त्या गेस्टला बोलून घेतलं. मिस्टर पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "आता आपल्यालाही वेटिंग आहे." मला त्यांचा इतका राग आला.

पापलेट आम्ही दोघांनीच खाल्लं. महाग होतं म्हणून असेल, मिस्टर म्हणाले, आज फार चांगलं लागतंय. मला काही तसं लागलं नाही.